आर्किटेक्चरला प्रवेश मिळालाय: लॅपटॉप कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर कोणतं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. लेकीला पुण्यात बी.आर्क.ला प्रवेश मिळाला. घरात या वाटेला आजवर कोणी गेलेलं नाही. मी बँकेत, हे कृषी खात्यात. संगणक म्हणजे एक्सेल, यापुढे आमची मजल नाही. कॉलेजने दिलेल्या यादीत ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, सेटस्क्वेअर, कटिंग मॅट, स्टीलची पट्टी असं सगळं मापासकट लिहिलंय आणि सगळ्यात महाग वस्तूपुढे मात्र 'लॅपटॉप, ग्राफिक्स कार्डसह' एवढंच.

कराडातले दुकानदार म्हणतात, "आय-नाइनच न्या ताई, पाच वर्षं बघायला नको." भाचा बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो म्हणतो मॅकबुक सोडून काही घेऊ नकोस. लेकीच्या ओळखीची एक सीनिअर म्हणते गेमिंग लॅपटॉप लागतो. हे ऐकल्यापासून तिच्या बाबांचं एकच पालुपद, "पैसे आपण भरायचे आणि हिने गेम खेळायचे."

ओढूनताणून एक लाखापर्यंत जाऊ शकतो. नेमकं काय घ्यावं? आणि ती सॉफ्टवेअर वेगळी विकत घ्यावी लागतात का? त्यांच्या किमती नेटवर बघून पोटात गोळा आला.

टी_स्क्वेअर

अभिनंदन! पहिला सल्ला: दुकानात जाऊच नका. निदान दिवाळीपर्यंत तरी.

पहिल्या सेमिस्टरला बहुतेक कॉलेजांत सगळं हाताने असतं. लाइनवर्क, लेटरिंग, प्लॅन-सेक्शन-एलिव्हेशन, मग आयसोमेट्रिक, पर्स्पेक्टिव्ह. मॉडेल सनबोर्ड-माउंटबोर्डचं. त्या काळात लॅपटॉपवर काय होतं, तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफ उघडतात आणि रात्री सिरीज बघितल्या जातात. पाच वर्षांच्या कोर्समध्ये यंत्राला खरा घाम फुटतो तो तिसऱ्या वर्षापासून, वर्किंग ड्रॉइंग (बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) आणि रेंडर (मॉडेलवरून फोटोसारखं चित्र) सुरू झाले की. आणि थिसिस शेवटच्या वर्षी. म्हणजे आज घेतलेलं यंत्र ऐन गरजेच्या वेळी चार वर्षांचं म्हातारं झालेलं असतं, वॉरंटीही संपलेली. सहा-आठ महिने थांबलात तर त्याच पैशात पुढच्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड येऊ शकतं.

बाबांना सांगा की गेम खेळणं आणि रेंडर करणं यात यंत्राच्या दृष्टीने फार फरक नाही. दोन्हीकडे प्रकाश, सावल्या, काचेतली प्रतिबिंबं झपाझप मोजायची असतात. म्हणून गेमिंग लॅपटॉप. आर्किटेक्टसाठी खास बनवलेली वर्कस्टेशनं असतात, पण ती एक लाखात सहसा नवी मिळत नाहीत.

खडूफळा

टी_स्क्वेअर, निम्मं पटलं. मी एका कॉलेजात शिकवते, कुठल्या ते विचारू नका.

'पहिलं वर्ष हाताने' हे आता सगळीकडे खरं नाही. काही ठिकाणी दुसऱ्या सेमिस्टरलाच स्केचअप (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) सुरू होतं आणि पोर्टफोलिओची पानं फोटोशॉपमध्ये लावायला सांगतात. काही ठिकाणी मात्र दुसरं वर्ष संपेपर्यंत कॉम्प्युटर ड्रॉइंग लावलंत तर ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचं असतं तिथे, बघतही नाहीत. तेव्हा ताई, लेकीला तिच्याच कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातल्या दोघा-तिघांना विचारू द्या. मास्तरांना नको. आम्ही अभ्यासक्रमात जे छापलंय ते सांगू, मुलं जे चालतं ते सांगतील.

आणि थांबायचं म्हणजे लॅपटॉपशिवाय राहायचं असं नाही. घरात जुना असेल तर तो द्या.

पेठकर

आमच्या चिरंजीवांना गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. पोरगं आर्किटेक्ट झालं, गेमही खेळलं. आता लग्न झालंय, दोन्ही बंद आहे.

हापूस_नव्हे_सफरचंद

भाच्याची बाजू घ्यायला कोणीतरी हवं ना!

मी अख्खं बी.आर्क. मॅकवर केलं. स्केचअप आहे, राइनो आहे, आर्किकॅड आहे, ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, अ‍ॅडोबीचं सगळं आहे. रेंडरचं एन्स्केपसुद्धा आलं मॅकवर. पंख्याचा आवाज नाही, बॅटरी दिवसभर. वर्गात सगळे चार्जिंगच्या पॉइंटसाठी भांडायचे आणि मी खिडकीत बसून काम करायचे. पडद्याचे रंग तर विचारूच नका.

तपकीर_गल्ली

सफरचंदताई, यादी बरोबर आहे, पण त्यात जे नाही तेच महाग पडतं. रेव्हिट (भिंती-दारांसकट अख्खी इमारत मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) मॅकवर नाही. थ्रीडीएस मॅक्स नाही. पूर्वी इंटेलच्या मॅकमध्ये बूट कॅम्प टाकून विंडोज चालवता यायचं. २०२० च्या शेवटी एम-वन चिप आली आणि तो रस्ता बंद झाला. पॅरलल्समधून (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) रेव्हिट उघडतं म्हणणारे भेटतील, पण ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री अडलं तर दाद कुणाकडे मागायची? ऑटोकॅडची मॅक आवृत्तीही विंडोजएवढी भरगच्च नाही.

पहिला मॅक स्वतःच्या कमाईचा घ्यावा या मताचा मी आहे.

आता कोयनाकाठ ताईंसाठी. दुकानात 'आय-नाइन' हा शब्द ऐकला की सावध व्हा. जुन्या पिढीचा आय-नाइन पडून राहिलेला असतो, तो खपवायचा असतो. ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप ही बरीचशी कामं एकाच कोअरवर रेटतात, त्यामुळे नव्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा रायझेन-फाइव्ह, नावाच्या शेवटी एच अक्षर असलेला, पुरून उरतो. यू अक्षराचा घेऊ नका, तो बॅटरी वाचवण्यासाठी असतो. प्रोसेसरवर वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्ड आणि रॅमवर घाला.

रॅम १६ जीबीच्या खाली नाही. १६ घेताना विचारा की स्लॉट किती आणि त्यातला रिकामा किती. दोन स्लॉट असून एकात १६ ची काडी असेल तर उत्तम, तिसऱ्या वर्षी दुसरी घालून ३२ करता येते. पातळ, दिसायला देखण्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते, ती जन्मात वाढत नाही. एसएसडी ५१२ चालेल, पण दुसरी एसएसडी बसवायला जागा हवी.

ग्राफिक्स कार्डाबद्दल कोणी सांगत नाही ती गोष्ट. आरटीएक्स ४०६० असा स्टिकर दोन लॅपटॉपवर असतो, किमतीत पंधरा हजारांचा फरक, आणि आपल्याला वाटतं स्वस्तातला तोच माल मिळाला. ते कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा कंपनीला असते. इंजिन तेच, पेट्रोलची नळी बारीक. स्टिकरवर हे लिहीत नाहीत. त्या मॉडेलच्या कंपनीच्या पानावर तळाशी 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' शोधा. ८० च्या वर असेल तर घ्या. त्या कार्डाची स्वतःची मेमरीही बघा: ४ जीबीवर लुमियन या रेंडरच्या सॉफ्टवेअरमध्ये झाडं लावायला गेलात की गाडी अडते, ६ वर निभतं, ८ वर सुख.

पेठकर

तपकीर_गल्ली, तुमचं दुकान कुठे आहे? आणि दुपारी एक ते चार चालू असतं का?

तपकीर_गल्ली

@पेठकर, दुकान नाही हो, पुण्यातल्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीचं नावच तेवढं घेतलंय. नोकरी करतो आणि बुधवार पेठेत जुन्या वस्तू बघत फिरतो.

एक राहिलं, पडदा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर तो फिका पडदा समजा. 'शंभर टक्के एसआरजीबी' हवं. फिक्या पडद्यावर विटांचा रंग गुलाबी दिसतो म्हणून पोरं तो गडद करत नेतात, आणि प्लॉट, म्हणजे मोठ्या कागदावरची प्रिंट, होऊन येतो तेव्हा भिंत शेणाने सारवल्यासारखी.

अमोनिया_प्रिंट

हे सगळं वाचून मौज वाटली. आमच्या वेळी 'ग्राफिक्स कार्ड' म्हणजे रॉटरिंगच्या शाईच्या ड्रॉइंग पेनांचा संच. ०.१ चं पेन हातातून पडून टोक वाकलं की घरी सांगायची सोय नसायची. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर फुगायचा, मग दुपारी काढलेली रेघ संध्याकाळी मापात बसायची नाही. चुकलेली शाईची रेघ ब्लेडने खरवडायची, एका बाजूने, हलक्या हाताने, आणि त्यावर नखाची पाठ फिरवून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी शाई पसरलीच. अर्धं पातं टोपाज ब्लेडच्या डबीत ठेवलेलं असायचं. अमोनिया प्रिंटच्या (अमोनियाच्या वाफेवर नकाशाच्या प्रती काढायच्या) दुकानातून बाहेर आलं की डोळ्यांना धारा.

ऑटोकॅड आम्ही ऑफिसात शिकलो. रिलीज १४ आलं १९९७ साली, तेव्हा आमच्या सरांनी एकच कॉम्प्युटर घेतला होता. त्याला स्वतंत्र खोली, एसी, आणि आत जाताना चपला बाहेर. सरांना स्वतःला एसी नव्हता.

मुद्द्याचं: आज मी मुलाखती घेतो तेव्हा कॉम्प्युटर येणारे ढिगाने भेटतात. जिन्याचा सेक्शन (उभा छेद) कागदावर काढ म्हटलं की पेन थांबतं. लॅपटॉप जरूर घ्या, पण त्या मिनी ड्राफ्टरला पहिल्याच महिन्यात गंज चढू देऊ नका.

सबमिशन_उद्या

काका, पूर्ण आदर ठेवून: तुमच्याच पिढीची ऑफिसं जाहिरातीत लिहितात, 'रेव्हिट, स्केचअप, लुमियन, फोटोशॉप आवश्यक, स्वतःचा लॅपटॉप आणावा'. जिन्याचा सेक्शन काढता येतो का, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

अमोनिया_प्रिंट

@सबमिशन_उद्या, हे मात्र लागलं. बरोबर आहे तुझं.

खडूफळा

अवांतर: पुण्यात जन्मलेले, जे.जे.त शिकलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कार्ब्युझिएकडे पॅरिसला गेले ते पेन्सिल घेऊनच. २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं नोबेलच, मिळालं, तो मान मिळालेले ते पहिले भारतीय. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात हे सांगते. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "मॅडम, त्यांना अटेंडन्स होता का?"

कोयनाकाठ

बापरे, एका दिवसात इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. ३५ वॅट, ११५ वॅट वहीत लिहून घेतलं. काल ह्यांनी दुकानदारांना टीजीपी विचारलं, ते म्हणाले, "ते काय असतं?"

सॉफ्टवेअरचं कोणी बोललं नाही अजून. कुणीतरी म्हणालं पेन ड्राइव्हमध्ये सगळी मिळतात, पाचशे रुपयांत.

रेघोटी

कोयनाकाठ ताई, तो पेन ड्राइव्ह घरात आणू नका. गरजच नाही.

ऑटोडेस्कची सगळी महत्त्वाची सॉफ्टवेअर म्हणजे ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स विद्यार्थ्यांना फुकट आहेत. कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाचा कागद चढवायचा, पडताळणी झाली की एक वर्षासाठी मिळतं, दर वर्षी पुन्हा वाढवून घ्यायचं. अट एकच, शिकण्यासाठी वापरायचं, पैसे घेऊन कुणाचं काम करायचं नाही. आर्किकॅडही विद्यार्थ्यांना फुकट. राइनोची पूर्ण आवृत्ती ९० दिवस फुकट वापरता येते. नंतर विद्यार्थी दरात एकदा घेतलं की ते कायमचं, दरवर्षीचा जिझिया नाही. सूत्रांवरून आकार घडवायचं ग्रासहॉपर त्यातच येतं. थ्रीडीचं ब्लेंडर सगळ्यांनाच फुकट. शहराच्या नकाशांसाठी क्यूजीआयएस, तेही फुकट.

स्केचअपचं मात्र रडगाणं आहे. पूर्वी गूगलकडे होतं, २०१२ ला ट्रिंबलने घेतलं. फुकटची उतरवून घ्यायची आवृत्ती २०१७ ची शेवटची. आता फुकट फक्त ब्राउझरमधलं, त्यात प्लगइन चालत नाहीत. विद्यार्थी सवलतीत वर्षाची वर्गणी भरावी लागते. अ‍ॅडोबीचंही तसंच, आणि तिथे पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षी वाढतो. दोन्ही गरज पडेल तेव्हा घ्या.

फुकटराव

सगळं जग क्रॅक (कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर) वापरतं. माझ्या ऑफिसात वीस वर्षं कोणी आलं नाही विचारायला.

टी_स्क्वेअर

@फुकटराव, आमच्या ओळखीच्या एका ऑफिसात आली नोटीस. किती जागा, किती परवाने, हिशोब द्या म्हणून. ते सहा महिने इंटर्नपासून लपवत होते.

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बी प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण विद्यार्थ्याला खरी भीती पोलिसांची नसते. क्रॅक टाकताना पहिली पायरी काय, तर अँटिव्हायरस बंद करा. मग थिसिसच्या महिन्यात सगळ्या फायलींची नावं विचित्र होतात आणि पैसे मागणारी चिठ्ठी येते. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी हा धोका कशाला?

फुकटराव

बरं बाबा. पण विद्यार्थी आवृत्तीतून प्रिंट काढली की कडेला शिक्का उमटतो ना?

रेघोटी

तो कधीच गेला. २०१५ च्या आवृत्तीपासून उमटत नाही.

थेम्सकाठ

लंडनहून. इथे सरकारी कामांना २०१६ पासून बिम (इमारतीची सगळी माहिती भरलेलं थ्रीडी मॉडेल) सक्तीचं झालं, त्यामुळे मोठ्या ऑफिसांत रेव्हिटशिवाय पान हलत नाही. भारतातून मास्टर्सला येणारी मुलं रेंडर इतके सुंदर आणतात की इथली पोरं बघत राहतात. पण रेव्हिटचं मॉडेल उघडलं की भिंतीच्या जागी नुसते ठोकळे. भिंत कशाची, किती जाडीची, आत थर कोणते, दार बदललं की तक्त्यात बदलतं का, हे काही नसतं. लेकीला पुढे बाहेर यायचं असेल तर तिसऱ्या वर्षीचं वर्किंग ड्रॉइंग रेव्हिटमध्ये करायला सांगा. पहिल्यांदा रडेल, पण एकदा सेक्शन आपोआप बदलताना पाहिला की परत फिरणार नाही.

रंकाळा

लंडनचं लंडनला. आमच्या कोल्हापुरात रेव्हिट मागणारं ऑफिस दिवा घेऊन शोधावं लागतंय. हितं काम चालतंय ऑटोकॅडवर.

त्याला कारणबी हाय. नकाशा मंजुरीला ऑनलाइन जातो तो डीडब्ल्यूजीतनं, म्हंजे ऑटोकॅडच्या फायलीतनं. तपासणीच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक गोष्ट ठरलेल्या लेयरवर लागती. प्लॉटची हद्द एका लेयरवर, मार्जिन दुसऱ्यावर, पार्किंग तिसऱ्यावर, आणि रेघ बंद पॉलिलाइन पायजे. कोपऱ्यात एक मिलिमीटर उघडी राहिली की क्षेत्रफळ शून्य आणि प्रस्ताव माघारी. डिसेंबर २०२० ला मुंबई सोडून बहुतेक राज्याला यूडीसीपीआर (बांधकामाची एकच नियमावली) लागू झाली, तवापासनं नियम सगळीकडं बरेचसे सारखे, पर ही रेघ जोडायची कटकट तीच. कॉलेजात ह्यातलं काय शिकवत न्हाईत. पोरगी ऑटोकॅडमधी स्वच्छ लेयर ठेवायला शिकली तर उपाशी मरणार न्हाई.

आणि ह्यासाठी लाखाचं यंत्र लागत न्हाई. आमच्या ऑफिसात आठ जीबीवर धा वर्षं काम चाललंय.

थेम्सकाठ

@रंकाळा, बंद पॉलिलाइनचं अगदी पटलं. इथेही नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात तेच सांगते. मी मूळची इचलकरंजीची हो.

रंकाळा

मग आधी सांगायचं की! ताईसाहेब, पुढच्या खेपेला तांबडा-पांढरा आमच्याकडं.

हापूस_नव्हे_सफरचंद

धाग्याचं रश्श्यात रूपांतर होण्याआधी: वजनाचं कोणी बोललेलं नाही. हे शंभर वॅटवाले लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचे, त्यांचा चार्जर विटेएवढा. वर शीट-ट्यूब, मॉडेलची खोकी, आणि पीएमपीच्या बसचा प्रवास. पाच वर्षं पाठीवर ती वाहणार आहे, आपण नाही.

अंबानगरी

डेस्कटॉप घ्या ना मग! आमच्या अमरावतीत पोराला साठ-सत्तर हजारांत असेंबल करून दिला. लॅपटॉपच्या त्याच नावाच्या कार्डापेक्षा डेस्कटॉपचं कार्ड जास्त पळते, उन्हाळ्यात ४५ डिग्रीला लॅपटॉप कोंडल्यासारखा होते, डेस्कटॉपला काही होत नाही. यूपीएस मात्र लावा, आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही. वर्गात न्यायला एक साधा जुना लॅपटॉप.

सबमिशन_उद्या

डेस्कटॉप घरी राहणाऱ्यांसाठी बेस्ट. हॉस्टेलवाल्यांचं गणित वेगळं. स्टुडिओत ग्रुप वर्क, स्पर्धेच्या वेळी रात्रभर कोणाच्यातरी रूमवर, इंटर्नशिप दुसऱ्या शहरात. डेस्कटॉप उचलून कुठे नेणार?

काकू, मी चौथ्या वर्षाला आहे, यंत्रापेक्षा जास्त रडवणाऱ्या गोष्टी सांगते. सबमिशनच्या आदल्या रात्री कॉलेजजवळच्या प्लॉटिंगच्या दुकानात जाऊन बघा एकदा. साठ पोरं, दोन प्लॉटर, आणि काउंटरवरचा दादा कोणाचंच ऐकत नाही. तिथे डीडब्ल्यूजी घेऊन जाणारा मरतो, कारण त्यांच्याकडे ऑटोकॅड जुनं, फाइल उघडत नाही, उघडली तर फॉन्ट नाही आणि सगळ्या रूमच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. घरूनच पीडीएफ करायची, ए-वन मापात, आणि ती स्वतः झूम करून बघायची. लाइनवेट (रेघांची जाडी) छापील कागदावर काय दिसतं ते महिनाभर आधी एका ए-थ्रीवर काढून बघायचं. पडद्यावर सगळ्याच रेघा छान दिसतात.

ऑटोकॅड बंद पडलं तर हातपाय गाळायचे नाहीत. मूळ फाइलशेजारी त्याच नावाची बीएके फाइल असते, तिचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं की आधीची सेव्ह परत मिळते. ऑटोसेव्ह आपोआप दर दहा मिनिटांनी होतो, मी तो पाचवर आणलाय. स्केचअप जड झालं तर दर वेळी रॅमचा दोष नसतो. थ्रीडी वेअरहाउसमधून (तयार मॉडेलांचा ऑनलाइन साठा) कोणीतरी एक सोफा आणतं, त्याच्या प्रत्येक उशीची शिवणसुद्धा मॉडेल केलेली असते. तो काढा, पर्ज करा म्हणजे न वापरलेलं सगळं झाडून टाका, फाइल अर्धी होते.

आणि सगळ्याच्या तीन प्रती. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, ड्राइव्ह. हार्ड डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवायची नाही.

अमोनिया_प्रिंट

या मुलीला नोकरी हवी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. जिन्याचा सेक्शन विचारणार नाही.

सबमिशन_उद्या

@अमोनिया_प्रिंट काका, स्टायपेंड किती ते आधी सांगा.

पेठकर

काका एकदम गप्प झालेले दिसतात.

कोयनाकाठ

लेकीने हा धागा वाचला आणि सीनिअर्सशी बोलली. तिच्या कॉलेजात पहिलं सेमिस्टर पूर्ण हाताने आहे, दुसऱ्यात स्केचअप. सध्या घरातला जुना लॅपटॉप नेणार. म्हणजे खरेदी दिवाळीच्या सेलमध्ये. मॅक बाद झाला, भाचा रुसलाय.

तोवर दोन प्रकार डोळ्यांसमोर ठेवलेत. एक: आरटीएक्स ४०५०, ६ जीबी, रॅम १६ एकाच काडीत आणि एक स्लॉट रिकामा, पडदा शंभर टक्के एसआरजीबी, ९५ वॅट. दुसरा: आरटीएक्स ४०६०, ८ जीबी, रॅम १६ पण डाखलेली, पडदा ४५ टक्केवाला, आणि वॅट कुठेच लिहिलेले नाहीत. दुसरा चार हजारांनी महाग. दुकानदार म्हणतात दुसराच न्या, नंबर मोठा आहे.

तपकीर_गल्ली

ताई, पहिला. डोळे मिटून. चार हजार वाचले त्यात बाहेरची हार्ड डिस्क येते. वॅट लिहिलेले नाहीत याचा अर्थ सांगण्यासारखे नाहीत. दिवाळीपर्यंत याच भावात ५०५० किंवा ५०६० ची नवी मॉडेलं उतरलेली असतील तर त्यांनाही हीच फूटपट्टी लावा: मेमरी, वॅट, स्लॉट, पडदा.

खडूफळा

पहिलाच. आणि वॉरंटी घेताना 'ऑनसाइट' आहे का ते बघा, तीन वर्षांची करून घ्या. 'अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज' मिळत असेल तर तेही. स्टुडिओतल्या टेबलावर लॅपटॉपशेजारी फेव्हिकॉल, पाण्याची बाटली, कटर आणि चहा एकदमच असतात.

रंकाळा

बिल जीएसटीचं घ्या, सीरियल नंबर टाकलेलं. चोरी झाली तर पोलिसात तेच मागत्यात.

हापूस_नव्हे_सफरचंद

हरले. पण बॅग चांगली घ्या, पट्टे रुंद असलेली.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांनी आता विचारलंय की कोर्स संपेपर्यंत गेम न खेळण्याचं काही सॉफ्टवेअर मिळतं का.

रेघोटी

मिळतं, त्याला डिझाइन ज्युरी म्हणतात.

चाफेकळी

सर्वांना नमस्कार, नवीन सदस्य आहे. मी दोन वर्षांचा इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा करणार आहे, बजेट ५५ हजार. वरचं सगळं मलाही लागू होतं का? रेव्हिट शिकवत नाहीत, ऑटोकॅड आणि स्केचअपच आहे.

तपकीर_गल्ली

@चाफेकळी, बरंचसं लागू होतं, पण ५५ मध्ये नवा घेण्यापेक्षा कंपन्यांनी भाडेमुदत संपल्यावर काढलेली वर्कस्टेशनं बघा. बॅटरी आणि बिजागऱ्या तपासून घ्याव्या लागतात. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. इथे आता पेठकर येऊन दुकानाची वेळ विचारतील.

पेठकर

सांगितली नाहीच अजून.